कांगारूची मादी दुष्काळात बाळंतपण ‘पुढे ढकलते’? नाही. नेमकं काय होतं ते बघा

नमस्कार मंडळी. कांगारूंवर व्हिडिओ करा, अशी मागणी कमेंटमध्ये सारखी येतेय, आणि त्याचं कारण एक रील आहे. तुमच्याकडेही आलं असेल. भेगाळलेली जमीन, लाल कांगारूची मादी आणि वर मोठ्या अक्षरांत वाक्य: ‘दुष्काळ पडला की ही आई आपलं बाळंतपण पुढे ढकलते.’ हे वाक्य खरं आहे का, असं तुम्ही विचारताय. अर्धं खरं आहे. पण चुकलेला अर्धा भागच महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यावर आज जास्त वेळ घालवणार आहोत.

मूळ माहिती झटपट उरकू. कांगारू आणि त्यांचे भाऊबंद ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत राहतात. पिशवी फक्त मादीला असते. खाणं गवत-पाला. हे सगळं शाळेत झालंय.

शाळेत राहून जातं ते हे, की ‘कांगारू’ हा एक प्राणी नाही. या कुळात साठाहून जास्त जाती आहेत. उघड्या माळावरचा लाल कांगारू, डोंगरकपारीत राहणारा यूरो, दक्षिणेकडचे करडे कांगारू, कड्यांवरच्या रॉक वॉलबी, बेटांवरच्या टॅमर वॉलबी आणि चक्क झाडावर राहणारे वृक्ष-कांगारू. त्यामुळे ‘कांगारू उष्णतेत कसा जगतो’ या प्रश्नाला ‘कोणता कांगारू?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

(स्क्रीनवर: ऑस्ट्रेलियाचा नकाशा, ब्रोकन हिलवर खूण)

एक जागा घेऊ. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल नावाचं खाणींचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला साधारण 110 किलोमीटरवर फाउलर्स गॅप नावाचं न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, आणि पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही. इथे लाल कांगारू आणि यूरो एकाच भागात राहतात. ऊन तेच, पाऊस तोच. पण दोघांनी उत्तरं वेगळी काढली आहेत.

यूरो कातळाच्या आडोशाला, गुहेत, मोठ्या दगडाखाली बसतो. दुपारभर हालत नाही. त्याचा वावर छोट्या परिसरात असतो आणि खायला रखरखीत, निकस गवत मिळालं तरी तो निभावून नेतो. प्रथिनं कमी पडली की तो शरीरातला युरिया लघवीवाटे टाकून न देता परत पोटात फिरवतो. तिथले सूक्ष्मजीव त्या नायट्रोजनपासून प्रथिनं बनवतात. गार सावली असेल तर तो बराच काळ पाण्याशिवाय राहू शकतो. ती सावली काढून घेतली की त्याची पाण्याची गरज लगेच वाढते. म्हणजे त्याचं पाणी वाचतं ते त्या गुहेमुळे.

लाल कांगारूचं उलट. तो उघड्या माळावर असतो, तिथे सावली म्हणजे एखादं विरळ झुडूप. म्हणून त्याची फर यूरोच्या फरपेक्षा दाट आहे आणि ऊन जास्त परतवते. उन्हात तो पाठीचं पोक काढून बसतो आणि शेपटी पायांमध्ये घेतो, म्हणजे उन्हाला कमी अंग लागतं. झाडाखाली बसण्याआधी वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत बूड टेकवतो. आणि एका ठिकाणचं गवत वाळलं की दुसरीकडे कुठे पाऊस झालाय तिकडे जातो. हिरवं गवत हेच त्याचं बरंचसं पाणी.

इथे ‘कांगारूला पाणी लागतच नाही’ हा गैरसमज येतो. लागतं. पण कमी लागतं. फाउलर्स गॅपमध्येच लाल कांगारू आणि मेंढ्या यांची तुलना झाली, तेव्हा कांगारूचा पाण्याचा वापर मेंढीच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा निघाला. घट्ट लघवी, कोरडी लेंडी, दिवसा आराम आणि संध्याकाळनंतर चरणं, या सगळ्याची ती बेरीज आहे. आणि कमेंटमध्ये वारंवार येणारा तो दुसरा समज, की पिशवीत पाणी साठवतात: नाही साठवत. पिशवीत पिल्लू असतं आणि सडं असतात, बस.

आता एक गोष्ट जवळून बघा.

(स्क्रीनवर: हाताचा क्लोजअप)

कडक उन्हात कांगारू स्वतःचे पुढचे हात चाटताना दिसतो. कोपराच्या खालचा भाग, आतल्या बाजूने. अनेकांना वाटतं अंग स्वच्छ करतोय. तिथे कातडीच्या लगेच खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अंग तापलं की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो. वर लाळेचा ओला थर. लाळ वाळताना उष्णता घेऊन जाते, खालून वाहणारं रक्त गार होतं आणि तेच रक्त शरीरात परत फिरतं. 1974 साली यावर शोधनिबंध आला होता. यासोबत कांगारू धापाही टाकतो. घामही येतो, पण लाल कांगारूला घाम फक्त धावताना येतो. थांबला की घाम बंद, धापा चालू. घामात पाण्याबरोबर क्षारही जातात, धापांमध्ये ते जात नाहीत, त्यामुळे हा हिशोब त्याच्या फायद्याचा आहे.

उड्यांबद्दल थोडक्यात. 1973 साली टेरेन्स डॉसन आणि रिचर्ड टेलर या संशोधकांनी लाल कांगारूंना ट्रेडमिलवर पळवून ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. ताशी साधारण सहा किलोमीटरनंतर कांगारू उड्या मारू लागतो, आणि तिथून ताशी बावीस किलोमीटरपर्यंत वेग वाढला तरी ऑक्सिजनचा खर्च जवळजवळ वाढत नाही. मागच्या पायांचे लांब टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, जमिनीवर टेकताना ताणले जातात, ऊर्जा साठवतात आणि उडी घेताना परत देतात. शिवाय प्रत्येक उडीबरोबर एक श्वास आपोआप आत-बाहेर होतो. लांबवरच्या पावसाच्या मागे जाणं लाल कांगारूला परवडतं ते यामुळे. हळू चालताना मात्र हाच प्राणी अवघडतो. पुढचे दोन हात आणि शेपटी टेकायची आणि मागचे दोन्ही पाय एकदम पुढे घ्यायचे. त्या वेळी शेपटी नुसता आधार देत नाही. 2014 च्या मोजणीत असं दिसलं, की पुढे ढकलण्याचा जोर शेपटीचा एकटीचा उरलेल्या चारही पायांच्या एकत्रित जोराइतका असतो.

बरं. आता त्या रीलकडे.

आधी नुसतं कॅलेंडर बघा, लाल कांगारूच्या मादीचं. गर्भारपण 33 दिवसांचं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन एक ग्रॅमही नसतं. डोळे मिटलेले, मागचे पाय जेमतेम फुटलेले, पण पुढचे हात मजबूत. त्या हातांनी ते आईची फर धरत पिशवीपर्यंत चढतं. तीन ते पाच मिनिटांचा प्रवास. आत गेलं की एक सड तोंडात धरतं. सडाचं टोक तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथे पक्कं लटकून राहतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि इकडे एक-दोन दिवसांतच आई पुन्हा माजावर येते, नराशी जुगते आणि नवा गर्भ तयार होतो. हा गर्भ साधारण शंभर पेशींपर्यंत वाढतो, पाव मिलिमीटरचा गोळा होतो आणि थांबतो. ना वाढतो, ना मरतो. गर्भाशयात नुसता पडून राहतो.

थांबतो कधी, ते बघा. पिल्लू पिशवीत ठणठणीत दूध पीत असताना. गवत हिरवं असताना, पाऊस चांगला झालेला असताना. दुष्काळाचा या थांबण्याशी संबंध नाही. सुकाळातही प्रत्येक वेळी तो थांबतो.

आता तीच गोष्ट शरीराच्या आतून बघू, कारण इथेच घोटाळा होतो. पिल्लू सड ओढतं. त्या ओढण्याचा संदेश नसांवाटे मेंदूकडे जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे हार्मोन सुटतं. प्रोलॅक्टिनमुळे अंडाशयातला पीतपिंड (अंडं बाहेर पडल्यावर त्या जागी तयार होणारी ग्रंथी) दबून राहतो. पीतपिंड दबला की त्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढत नाही. प्रोजेस्टेरॉन नाही म्हणून गर्भाशयाच्या आतला थर गर्भाला हवं ते पुरवत नाही. आणि म्हणून गर्भ थांबतो. या साखळीत पाऊस कुठे आहे? गवत कुठे आहे? आईने काही ठरवणं कुठे आहे? कुठेच नाही. ब्रेक दाबून धरलाय तो पिशवीतल्या पिल्लाच्या तोंडाने.

पिल्लू सुमारे दोनशे दिवसांचं झालं की पिशवीतून डोकं काढतं, बाहेर ये-जा करतं, दूध पिण्याच्या खेपा कमी होतात. ब्रेक सैल होतो. थांबलेला गर्भ वाढू लागतो आणि महिनाभरात जन्मतो. तोवर थोरलं पिल्लू साधारण 235 दिवसांचं होऊन पिशवीतून कायमचं बाहेर पडलेलं असतं. एक बाहेर, एक पिशवीत, आणि लगेच पुन्हा एक गर्भाशयात थांबलेलं. बाहेरचं थोरलं अजून काही महिने डोकं आत घालून दूध पितं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन सडांमधून एकाच वेळी दोन वेगळ्या प्रकारचं दूध येत असतं. नवजाताला पातळ, थोरल्याला जास्त स्निग्ध. प्रत्येक सडाची ग्रंथी आपापल्या पिल्लाच्या वयाप्रमाणे चालते.

आता दुष्काळ आणू. आणि हे नीट ऐका, कारण रील इथेच उलटं सांगतं.

पाऊस ओढ देतो, गवत वाळतं. दूध आटू लागतं. सगळ्यात आधी जातं ते बाहेर फिरणारं थोरलं पिल्लू, कारण त्याला दूधही कमी आणि चाराही नाही. मग पिशवीतलं. त्याची दुधाची गरज दिवसागणिक वाढत असते आणि आईला ती भागवता येत नाही. ते मेलं. सड ओढणारं तोंड गेलं, म्हणजे ब्रेक सुटला. आणि आतला गर्भ वाढायला लागला. ऐन दुष्काळात. थांबला नाही, सुरू झाला. साधारण 31 दिवसांनी नवं पिल्लू पिशवीत.

नवजाताचं वजन एक ग्रॅमच्या आत, त्यामुळे त्याला पोसायला आईला सुरुवातीला फारसं काही लागत नाही. दुष्काळ चालूच राहिला तर तेही दोनेक महिन्यांचं होऊन मरतं. तोवर पुढचा गर्भ तयार असतो, तो सुरू होतो. पुन्हा जन्म, पुन्हा मरण. पॅड बांधून बसलेल्या पुढच्या फलंदाजासारखा एकामागून एक गर्भ मैदानात उतरत राहतो. मधेच कधीतरी पाऊस पडला, आठवड्या-दोन आठवड्यांत माळ हिरवा झाला, तर त्या क्षणी पिशवीत एक पिल्लू आधीच असतं. माज, समागम, गर्भारपण, या सगळ्यात जाणारे आठवडे वाचतात. या व्यवस्थेचा फायदा तो हाच. आणि त्याची किंमत म्हणजे ती सगळी मेलेली पिल्लं. रीलमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो.

मग बाळंतपण खरंच बंद कधी होतं? दुष्काळ खूप लांबला, आई स्वतःच खंगली, की तिचं माजावर येणंच बंद होतं. नवा गर्भ तयारच होत नाही. 1960 च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सच्या भागात संशोधक अॅलन न्यूसम यांनी आणि न्यू साउथ वेल्समध्ये फ्रिथ आणि शर्मन या संशोधकांनी लाल कांगारूंवर जे काम केलं, त्यातून हे चित्र स्पष्ट झालं. तीव्र उन्हाळी दुष्काळात नरांमध्ये शुक्राणू तयार होण्यावरही परिणाम होतो, हेही न्यूसम यांनी दाखवलं.

म्हणजे थांबण्याचे दोन प्रकार आहेत. एक, गर्भ तयार आहे पण थांबलाय. हा पिल्लाच्या दूध पिण्यामुळे, आणि हा मुख्यतः सुकाळातला. दुसरा, गर्भच नाही, हा उपासमारीमुळे. रील दोन्ही एकत्र करतं आणि वर ‘आई ठरवते’ असं लावून देतं. त्याने नुकसान असं होतं, की कांगारू दुष्काळाला पुरून उरतात असं लोकांच्या डोक्यात बसतं. लांबलेल्या दुष्काळात त्यांची संख्या झपाट्याने कोसळते. पिल्लं आधी, मग म्हातारे.

म्हातारे का, तेही सांगते ही दातांची गोष्ट. कांगारूच्या दाढा आयुष्यभर जबड्यात हळूहळू पुढे सरकतात. पुढची झिजते, गळते, मागची तिच्या जागी येते. शेवटची दाढही झिजली की वाळकं, चिवट गवत चावता येत नाही. ओल्या वर्षात असा प्राणी कोवळ्या गवतावर तग धरतो, कोरड्या वर्षात नाही.

‘हे सगळ्या कांगारूंमध्ये असतं का?’ नाही. पश्चिमेकडच्या करड्या कांगारूत गर्भ थांबवून ठेवण्याची सोय नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातला, जिथे हिवाळी पाऊस बऱ्यापैकी ठरल्या वेळी येतो. त्याचं प्रजनन हंगामी आहे. पूर्वेकडच्या करड्यात ही सोय आहे, पण क्वचित वापरली जाते.

टॅमर वॉलबीत तर ब्रेक दोन आहेत. दक्षिण किनाऱ्याजवळच्या कांगारू बेटावरची टॅमर घ्या. पिल्लं जानेवारीच्या शेवटाकडे जन्मू लागतात. पुढचे महिने दुधाचा ब्रेक. पण पिल्लू दूध कमी करतं तेव्हाही गर्भ सुरू होत नाही, कारण आता दुसरा ब्रेक लागलेला असतो: दिवसाची लांबी. दक्षिण गोलार्धात डिसेंबरमध्ये येणारा सर्वात मोठा दिवस उलटून दिवस लहान होऊ लागले की मगच गर्भ वाढायला लागतो. थांबण्याचा काळ अकरा महिन्यांपर्यंत जातो. या हिशोबाने पिल्लू पिशवीतून बाहेर पडतं तेव्हा हिवाळी पावसानंतरचं हिरवं गवत असतं. याच टॅमर समुद्राचं खारं पाणी पिऊनही जगू शकतात, हे 1960 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. गोडं पाणी नसलेल्या बेटांवर त्या कशा टिकल्या, याचं उत्तर त्यांच्या मूत्रपिंडात आहे.

कड्यांवरच्या रॉक वॉलबीचे तळवे खरखरीत आणि गादीसारखे जाड, नखं आखूड, म्हणजे दगडावर पकड बसते. वृक्ष-कांगारूंचं तर सगळंच फिरलंय. हात दणकट, नखं वाकडी आणि लांब, मागचे पाय आखूड आणि रुंद. जमिनीवरच्या कांगारूला मागचे पाय एकएकटे टाकता येत नाहीत (पोहताना मात्र तो ते आळीपाळीने मारतो). वृक्ष-कांगारूला फांदीवर ते वेगवेगळे टाकता येतात, मागेही चालता येतं. ‘कांगारूला मागे जाता येत नाही’ असं ठामपणे लिहिणाऱ्यांनी क्वीन्सलंडमधल्या ॲथर्टन पठारावरचा लुमहोल्ट्झ वृक्ष-कांगारू बघावा. त्याचे पूर्वज झाडावरून जमिनीवर आले, आणि पुढे त्यांचे वंशज पुन्हा झाडावर गेले. त्यांच्यातलाच न्यू गिनीच्या उंच डोंगरातला डिंगिसो बराच वेळ जमिनीवर काढतो.

‘मग आपल्याकडे कांगारू जगेल का?’ हा प्रश्न 2022 च्या एप्रिलपासून जास्त येतो. तेव्हा पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडी जिल्ह्यात रस्त्याकडेला कांगारू सापडले होते. प्राणिसंग्रहालयात नीट काळजी घेतली तर जगतात. पण बिघडतं कुठे ते ऐका. टणक किंवा टोचणाऱ्या चाऱ्याने हिरडीला जखम होते, खाणं शेणामुताच्या जमिनीवर टाकलं की तिथे जंतू शिरतात, आणि जबडा सुजून हाड सडतं. बंदिस्त कांगारूंचा हा नेहमीचा आजार. दुसरा धोका मांजरांच्या विष्ठेतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा, कारण कांगारूंच्या शरीराला त्याची सवय नाही. घरी पाळायचा विचार तर डोक्यातून काढाच.

शेवटचं, सिडनी, मेलबर्न, ॲडलेडच्या मराठी मंडळींसाठी. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे कांगारू चरायला निघतात तेव्हा, गावाबाहेरच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. एक ओलांडून गेला की लगेच गाडी दामटू नका, मागून दुसरा येतो. रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली तर सुरक्षित जागी थांबून पिशवी बघा. आई मेल्यावरही आत पिल्लू जिवंत असू शकतं. पिल्लू सडाला लटकलेलं असेल तर ओढू नका. मघाशी सांगितलं तसं सडाचं टोक त्याच्या तोंडात फुगलेलं असतं, ओढलं की तोंड फाटतं. लगेच वन्यजीव बचाव संस्थेला फोन करा आणि ते सांगतील तसंच करा. पिल्लू मोकळं असेल तर मऊ कापडी पिशवीत, अंधारात, उबेत ठेवा, आवाज करू नका. आणि गाईचं दूध अजिबात पाजू नका. त्यातली लॅक्टोज ही साखर त्याला पचत नाही, जुलाब होतात आणि पिल्लू दगावतं. कोणत्या वयाला कोणतं दूध द्यायचं हे बचाव संस्थेच्या माणसांना ठाऊक असतं. तुम्ही फक्त सापडल्याची जागा नीट लिहून त्यांना द्या.